सहीपुरता जामीनदार आणि १०१ ची नोटीस

प्रश्न विचारणारे गृहस्थ एका निमसरकारी कार्यालयात लिपिक आहेत, निवृत्तीला ७ वर्षे बाकी. २०१९ साली शेजारच्या टेबलावरच्या मित्राने बिगरशेती सहकारी पतसंस्थेतून गाडीसाठी ५ लाखांचे कर्ज घेतले आणि हे जामीन राहिले. दुसरे जामीनदार त्याच कार्यालयातले, आता निवृत्त. मित्राने दोनेक वर्षे हप्ते भरले, मग नोकरी सोडली, गाडी विकली, गाव सोडले, फोन बंद. आता सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयातून थकबाकी वसुलीची, म्हणजे कलम १०१ ची, नोटीस आली आहे. मागणी व्याजासह ५ लाख ५० हजार, सुनावणी १२ दिवसांनी. त्यांचे म्हणणे असे: मी फक्त सहीपुरता होतो. आधी कर्जदाराचा प्लॉट विकायला नको का? दुसऱ्या जामीनदाराला संस्थेने ५० हजार घेऊन सोडले, मग मलाही तेवढ्यात का सोडत नाहीत? पगार किती कापतील? घर बायकोच्या नावावर करून टाकू का? आणि उद्या मुलांच्या मागे लागतील का?

मी गेली २४ वर्षे निबंधकांसमोर आणि सहकार न्यायालयात उभा राहतो, कधी संस्थेकडून, कधी जामीनदाराकडून. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खोड्या ठाऊक आहेत. जे ऐकायला आवडणार नाही ते आधी सांगतो.

‘सहीपुरता’ असा जामीनदार कायद्यात नसतो. साक्षीदार वेगळा, शिफारस करणारा वेगळा. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १२८ सांगते की करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. इतकीच म्हणजे रकमेने तेवढीच आणि त्याच वेळी. हप्ता थकला त्या दिवशी संस्थेच्या दृष्टीने तुम्ही आणि तुमचा मित्र एकाच बाकावर बसलात. ‘तुला काही मोबदला मिळाला नाही, मग तू का भरायचे’ हा घरच्यांचा सवाल माणूस म्हणून रास्त आहे, पण कलम १२७ त्याला जागा ठेवत नाही. कर्जदाराला जे मिळाले तोच जामिनाचा मोबदला धरला जातो.

‘आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ हे वाक्य प्रत्येक सुनावणीला ऐकू येते आणि प्रत्येक वेळी पडते. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या साठच्या दशकातल्या खटल्यात हा मुद्दा कायमचा मिटवला. तिथे खालच्या न्यायालयाने हुकूमनाम्यात अट घातली होती की बँकेने आधी कर्जदाराविरुद्धचे सगळे मार्ग संपवावेत आणि मगच जामीनदाराला हात लावावा. सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. कर्जदार देत नसेल त्या वेळी धनकोला लगेच पैसे मिळावेत यासाठीच तर जामीन असतो. त्याला रांगेत मागे उभे केले तर जामिनाला अर्थ उरत नाही.

यात संस्थेचा दुष्टपणाच असतो असे नाही. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून ही सगळी इमारत उभी आहे ती ‘माझ्याकडे तारण नाही, पण मला ओळखणारा माणूस आहे’ या विटेवर. पतसंस्थेतला पैसा शेवटी कुणाच्या तरी निवृत्तीचा, कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला असतो. तरीही वसुली अधिकारी कर्जदाराला शोधत पुण्या-मुंबईला हिंडत नाही, पगारपत्रकावर नाव असलेल्या जामीनदाराचे दार वाजवतो, हेही तितकेच खरे. वड्याचे तेल वांग्यावर. कायद्याने ते चालते, एवढेच.

तुमच्या बाजूने काय आहे ते आता पाहू. ते थोडे नाही, पण सांगण्याची वेळ मात्र फार छोटी आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक संक्षिप्त चौकशी करून वसुली दाखला देतात. दिवाणी दाव्यासारखा पुरावा, उलटतपास, वर्षानुवर्षांच्या तारखा असे काही नाही. संस्थेचा अर्ज, खातेउतारा, तुमचे म्हणणे, आणि आदेश. पण या छोट्याशा चौकशीतून निघणारा दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा असतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली त्यावर होऊ शकते. दिवाणी न्यायालयात जाऊन तो दाखला चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. मार्ग एकच, कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज, दोन महिन्यांत. तो दाखल करून घ्यायचा तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. तुमच्या बाबतीत ते होतात पावणेतीन लाख. आता १२ दिवसांनी जे फुकट बोलता येते तेच नंतर बोलायला पावणेतीन लाख मोजावे लागतील. एवढा एकच हिशेब डोक्यात ठेवून त्या दिवशी कार्यालयात हजर राहा.

लोक हजर राहत नाहीत. ‘गेलो तर कबूल केल्यासारखे होईल’ अशी एक भाबडी समजूत आहे. नोटीस घेतली नाही, पाकीट परत पाठवले, की प्रकरण थांबते अशी दुसरी. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात मीही एका जामीनदाराला म्हणालो होतो, ‘पहिल्या तारखेला नाही गेलात तरी चालेल, पुढची तारीख मिळेल.’ पुढची तारीख मिळाली नाही. एकतर्फी आदेश झाला आणि त्या माणसाची वाचवता येण्यासारखी बरीच रक्कम माझ्या त्या एका वाक्यामुळे गेली. तेव्हापासून मी कुणालाही असे सांगत नाही.

सुनावणीला जाताना दोन कागद हातात हवेत. एक, कागदपत्रांच्या प्रती मागणारा अर्ज: कर्जमागणी अर्ज, मंजुरीचा संचालक मंडळाचा ठराव, कर्जरोखा, जामीनकतबा, गाडीच्या नजरगहाणाचे (गाडी कर्जदाराकडेच ठेवून दिलेल्या तारणाचे) कागद, पहिल्या दिवसापासूनचा संपूर्ण खातेउतारा, आणि संस्थेने कर्जदाराशी व दुसऱ्या जामीनदाराशी केलेला पत्रव्यवहार. दुसरा, तुमचे लेखी म्हणणे. तोंडी कितीही तळमळीने सांगितले तरी रोजनाम्यात ‘जाबदार क्र. ३ हजर, म्हणणे मांडले’ एवढेच उमटते. लेखी दिलेल्या मुद्द्याची दखल आदेशात घ्यावी लागते. घेतली नाही तर पुढे पुनरीक्षणात किंवा उच्च न्यायालयात बोलायला तीच जागा मिळते. पोच घेतल्याशिवाय कागद टेबलावर ठेवून येऊ नका.

म्हणण्यात काय लिहायचे? तुम्ही सांगितलेल्या हकिगतीत मला तीन धागे दिसतात. त्यातला सगळ्यात मजबूत तुम्ही जाता जाता एका ओळीत उरकला आहे: गाडी.

गाडी संस्थेच्या कर्जातून घेतली, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर संस्थेचे नाव चढले असणार. तसे असेल तर संस्थेच्या सहीचा फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवण्याचा अर्ज, आरटीओत गेल्याशिवाय ते नाव उतरत नाही, आणि नाव उतरल्याशिवाय गाडी रीतसर दुसऱ्याच्या नावावर होत नाही. मग विकली कशी? तीन शक्यता. संस्थेने नाव चढवलेच नाही. किंवा कर्ज बाकी असताना फॉर्म ३५ वर सही करून दिली, कारण कर्जदार कुणा संचालकाच्या ओळखीचा होता किंवा ‘गाडी विकून पैसे भरतो’ म्हणाला. किंवा कर्जदाराने नाव न बदलता नुसता ताबा देऊन पैसे घेतले. तुमच्या जबाबदारीसाठी या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून सुनावणीआधी आरटीओतून त्या गाडीचा तपशील काढा. गाडीचा क्रमांक कर्जप्रकरणात सापडेल.

करार कायद्याचे कलम १४१ असे की जामीन देताना धनकोकडे कर्जदाराचे जे तारण असेल त्याचा फायदा जामीनदाराला मिळतो, मग त्याला ते तारण माहीत असो वा नसो. धनकोने ते तारण गमावले किंवा जामीनदाराला न विचारता सोडून दिले, तर त्या तारणाच्या किमतीइतका जामीनदार मोकळा होतो. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध कालूराम या खटल्यात जंगलाचा ठेका होता. पैसे चुकते होईपर्यंत लाकूड अडवून ठेवण्याचा अधिकार वनखात्याकडे होता, तरी अधिकाऱ्यांनी ठेकेदाराला हप्ते बाकी असताना लाकूड नेऊ दिले. मग खाते जामीनदाराकडे वळले. सर्वोच्च न्यायालयाने जामीनदाराला सोडले. अमृतलाल गोवर्धन लालन यांच्या खटल्यात बँकेच्या ताब्यातल्या तारण मालात घट निघाली होती, तिथे त्या घटीच्या किमतीइतका जामीनदार मोकळा झाला.

म्हणजे पतसंस्थेने कर्ज बाकी असताना फॉर्म ३५ दिला असेल, तर त्या दिवशी गाडीची जी किंमत होती तेवढी रक्कम तुमच्या देण्यातून वजा मागा. विमा पॉलिसीत त्या वर्षी घोषित केलेली किंमत हा त्यासाठी सोपा पुरावा आहे. मात्र संस्थेने केवळ ढिलाई केली, गाडी वेळेत ओढून आणली नाही, नोटिसा उशिरा काढल्या, एवढेच असेल तर मुद्दा पातळ होतो. कलम १३७ स्पष्ट सांगते की धनको नुसता स्वस्थ बसला म्हणून जामीनदार सुटत नाही. संस्थेने काहीतरी केले आणि संस्थेने काही केले नाही, यातली रेघ तुमच्या प्रकरणात सगळ्यात महागडी आहे.

दुसरा धागा मी अनुभवाने धरतो आहे, तुम्ही तो उल्लेखलेला नाही. दोन वर्षांनी हप्ते थकले, तेव्हा संस्थेने कर्जाचे ‘नवे-जुने’ केले का? मार्च जवळ आला की थकीत खाते कागदोपत्री नियमित दाखवण्यासाठी जुने कर्ज नव्या कर्जातून फेडल्याचे दाखवायचे, मुद्दलात थकलेले व्याज मिसळायचे आणि मुदत वाढवायची, हा खेळ आपल्याकडे नवा नाही. खातेउताऱ्यात ते लगेच दिसते: एका तारखेला जुने खाते शून्य, त्याच तारखेला नवीन खाते उघडलेले, क्रमांक वेगळा. त्या नव्या कर्जरोख्याला आणि जामीनकतब्याला तुमची सही आहे का ते पाहा. नसेल, तर तुम्ही ज्या कर्जाला जामीन होता ते कर्ज फिटले आणि नव्याला तुम्ही जामीन नव्हता, हा तुमचा बचाव. मूळ करारात जामीनदाराच्या संमतीशिवाय केलेला बदल (कलम १३३) आणि मूळ ऋणकोची मुक्तता (कलम १३४), दोन्ही कलमे इथे उपयोगी पडतात. कर्जदाराशी परस्पर तडजोड करून त्याला मुदत देण्याचे वचन संस्थेने दिले असेल तर कलम १३५ ही आहे.

इथे एक थंड पाण्याची धार ओतणे भाग आहे. छापील जामीनकतब्यात बारीक अक्षरात बहुधा असे असते: ‘संस्थेने कर्जदारास मुदत दिली, अटी बदलल्या, तारण सोडले तरी माझी जबाबदारी कायम राहील, करार कायद्याखालील जामीनदाराचे हक्क मी सोडून देत आहे.’ न्यायालये असे कलम बरेचदा मानतात, कारण पक्षकारांनी आपले हक्क आपण होऊन सोडले असे धरले जाते. म्हणून जामीनकतबा अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय वरचा कोणताही मुद्दा पक्का समजू नका. पण निराशही होऊ नका. मी पाहिलेल्या कतब्यांत कधी रकमेचा रकाना कोरा, कधी तारीख नाही, कधी हक्क सोडल्याचे कलम असलेले पान दुसऱ्याच छपाईचे आणि त्यावर सहीच नाही. कोऱ्या फॉर्मवर सही घेतली म्हणून आपण सुटू असे समजू नका. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसाने न वाचता सही केली हे सहसा कुणी ऐकून घेत नाही. भीड भिकेची बहीण, हे निबंधकांच्या टेबलावर बचाव म्हणून चालत नाही.

तिसरा धागा आकड्यांचा, आणि तो सगळ्यात रटाळ असला तरी हमखास काही ना काही देतो. कर्जरोख्यातला व्याजदर आणि प्रत्यक्ष लावलेला दर जुळतो का? दंडव्याज कोणत्या रकमेवर लावले, थकलेल्या हप्त्यावर की संपूर्ण बाकीवर? व्याजावर व्याज आकारण्याला कर्जरोख्यात आधार आहे का? ‘नोटीस खर्च’, ‘वसुली खर्च’, ‘इतर येणे’ अशा नावाखाली काय काय नावे टाकले आहे? कर्जदाराचे भागभांडवल आणि संस्थेतली ठेव वळती केली का? दुसऱ्या जामीनदाराचे ५० हजार जमा दिसतात का, आणि कोणत्या तारखेला? मी असे उतारे तपासले तेव्हा बहुतेक वेळा काही हजारांचा फरक निघाला, एकदा तर कर्जदाराने भरलेला आख्खा हप्ता दुसऱ्याच्या खाती जमा होता. रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करायला मात्र जाऊ नका. पतसंस्था तिच्या देखरेखीखाली नसतात, सहकार खात्याच्या असतात. वेळ फुकट जातो आणि तोवर १२ दिवस संपतात.

दुसऱ्या जामीनदाराबद्दल तुमचा राग समजतो, पण त्यात तुमचे नुकसान नाही. कलम १३८ नुसार धनकोने एका जामीनदाराला सोडले तरी बाकीचे सुटत नाहीत, हे तुमच्या विरोधात. त्याच कलमाचा उत्तरार्ध तुमच्या बाजूचा: सोडलेला जामीनदार इतर जामीनदारांना मात्र जबाबदार राहतोच. आणि कलम १४६ प्रमाणे सहजामीनदारांत वेगळे काही ठरले नसेल तर भार सारखा वाटला जातो. समजा एकूण देणे ६ लाख निघाले, त्यांनी ५० हजार भरले आणि उरलेले साडेपाच लाख तुमच्याकडून वसूल झाले. दोघांचा वाटा तीन-तीन लाखांचा. तुम्ही अडीच लाख जास्त भरलेत, ते त्यांच्याकडून मागू शकता. संस्थेने दिलेला ‘आपला काही संबंध नाही’ असा दाखला त्यांना तुमच्यापासून वाचवत नाही, आणि बहुधा त्यांना हे माहीतही नसेल. सुनावणीआधी त्यांना हे शांतपणे सांगा. निवृत्त माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढायला नाखूश असतो. दोघांनी मिळून तडजोडीची रक्कम आणली तर संस्थाही बोलायला तयार होते.

पगाराचे विचारलेत. २०१९ साली सह्या केल्या त्या गठ्ठ्यात पगार कपातीचे संमतीपत्र होते का ते पाहा. बहुधा असतेच. सभासदाने असे करारपत्र दिले असेल तर अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे संस्थेच्या मागणीवरून कार्यालयाला कपात करावी लागते, त्यासाठी जप्तीची वाट पाहिली जात नाही. संमतीपत्र नसेल आणि जप्तीनेच पगार घ्यायचा असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चे मोजमाप पुढे ठेवा: पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीबाहेर. ४०,००० पगार धरला तर ३९,००० चा एक तृतीयांश म्हणजे १३,००० महिन्याला. वसुली अधिकाऱ्यासमोर मी हाच तक्ता ठेवतो आणि हप्ता त्याच्या आत बसवून घेतो. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि निवृत्तिवेतन यांना कायद्याचे संरक्षण आहे, त्यांची जप्ती होत नाही. ‘पीएफमधून काढून भरा’ असे कुणी दरडावले तर ते ऐकण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

घर बायकोच्या नावावर? नका करू. राहते घर पत्नीला बक्षीसपत्राने द्यायला आपल्या राज्यात मुद्रांक नाममात्र लागतो, त्यामुळे हा सल्ला चहाच्या टपरीवरही मिळतो. पण नोटीस हातात पडल्यावर केलेले असे बक्षीसपत्र धनकोला चुकवण्यासाठी केले असे म्हणणे फार सोपे असते, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली धनको ते रद्द करून घेऊ शकतो. शिवाय निबंधकांसमोर तुम्ही प्रामाणिक, फसलेले जामीनदार म्हणून उभे राहणार. नोंदणी कार्यालयातली ती एक तारीख तुमचा तो चेहरा पुसून टाकते.

मुलांची काळजीही एका परिच्छेदात संपवतो. तुमच्या पश्चात मुलांची जबाबदारी त्यांना तुमच्याकडून वारसाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, त्यांच्या स्वतःच्या कमाईवर नाही. पूर्वी हिंदू कायद्यात बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानून त्याच्यामागे लागता येई. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांना तो आधार काढून घेतला. तुमचा जामीन २०१९ चा.

कर्जदाराच्या प्लॉटकडे येऊ. आधी तो विका, असे तुम्ही सक्तीने म्हणू शकत नाही हे वर झाले. पण तुम्हाला त्या प्लॉटचा ठावठिकाणा माहीत आहे आणि संस्थेला बहुधा नाही, किंवा शोधण्याचा कंटाळा आहे. तेव्हा मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढून लेखी म्हणण्याला जोडा आणि स्पष्ट मागा की वसुली दाखला कर्जदाराविरुद्धही निघावा व या मिळकतीवर तातडीने जप्तीचा बोजा चढवावा. सहकारी संस्था नियम, १९६१ च्या नियम १०७ मध्ये जप्ती आणि लिलावाची सगळी पद्धत दिली आहे. एकदा बोजा चढला की तो प्लॉट परस्पर विकणे त्याला अवघड होते. गाव सोडलेली माणसेही प्लॉट विकायला निघाली की परत येतात. अशा वेळी थेट संस्थेत येऊन पैसे भरणारे कर्जदार मी पाहिले आहेत. हे लेखी कळवूनही संस्थेने काहीच केले नाही आणि प्लॉट विकला गेला, तरी पुढच्या भांडणात तुमचा तो पोच घेतलेला कागद कामाला येतो.

संस्थेच्या जागी एखादी सहकारी बँक असती आणि तुम्ही घर गहाण टाकून जामीन दिला असता, तर हे उत्तर वेगळे असते. बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा २००२ चा सरफेसी कायदा लागू आहे: ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, आणि त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरण. सहकारी बँकांना तो लागू होतो की नाही हा वाद कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला आणि ५ मे २०२० ला ‘लागू होतो’ असा निकाल लागला. पतसंस्थेकडे ते हत्यार नाही. तुमच्यासाठी कलम १०१, जप्ती-विक्रीने वसुलीचे कलम १५६ आणि नियम १०७, एवढेच मैदान.

आता भरण्याची वेळ आली तर. सगळे मुद्दे मांडूनही काही रक्कम तुमच्या अंगावर येणार असे धरून चाला. संस्थेकडे सामोपचार कर्ज परतफेड योजना (थकीत कर्ज तडजोडीने मिटवण्याची) चालू असेल तर तिचा अर्ज सुनावणीच्या आधी किंवा सोबतच द्या. दाखला निघाल्यावर संस्थेची घासाघीस करण्याची इच्छा कमी होते. तडजोड ठरली तर ती संचालक मंडळाच्या ठरावाच्या प्रतीसह घ्या, व्यवस्थापकाच्या ‘करून टाकू साहेब’ वर थांबू नका.

आणि पैसे कसे भरता यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. निवृत्त झालेल्या एका एसटी वाहकाने जामीनदार म्हणून दोन लाखांवर रक्कम टप्प्याटप्प्याने रोखीने भरली. काउंटरवरच्या मुलाने सवयीप्रमाणे कर्जदाराच्या नावाने पावत्या फाडल्या. वसुलीचा दावा लावला तेव्हा कर्जदार न्यायालयात शपथेवर म्हणाला, ‘ते पैसे माझेच, मी त्यांच्या हाती पाठवले होते.’ पावत्यांवर नाव त्याचेच. तो दावा आम्ही हरलो. म्हणून रोख भरू नका. तुमच्या खात्यातून धनादेश किंवा बँक हस्तांतरण, आणि पावतीवर ‘जामीनदार श्री. अमुक यांजकडून, जामीनदार या नात्याने’ हे शब्द असलेच पाहिजेत. पगारातून कपात होत असेल तर दर महिन्याच्या पगारपत्रकाची प्रत जपा आणि संस्थेकडून सहा महिन्यांनी उतारा घ्या.

हे इतके घासून सांगतो कारण पैसे भरणारा जामीनदार त्या क्षणी जागा बदलतो. कलम १४० प्रमाणे धनकोला कर्जदाराविरुद्ध जे हक्क होते ते सगळे, पूर्ण रक्कम भरल्यावर, त्याच्याकडे येतात. कलम १४५ प्रमाणे त्याने रास्तपणे भरलेली रक्कम भरून देणे हे कर्जदाराचे गृहीत वचन आहे. बेबाकी दाखला (काही येणे बाकी नसल्याचा) घेताना संस्थेकडे लेखी मागा की कर्जरोखा, तारणाचे कागद आणि वसुली दाखल्याची प्रत तुमच्या हवाली करावी. काही संस्था ‘असे देत नाही’ म्हणतात. त्यांना कलम १४० आणि १४१ चे आकडे पत्रात घालून पुन्हा मागा. मग तुम्ही थकलेल्या मित्राची वाट पाहणारे जामीनदार राहत नाही, त्याचे सावकार होता. त्याच्या प्लॉटवर ज्या हक्काने संस्था जाणार होती त्याच हक्काने तुम्ही जाऊ शकता.

फक्त घड्याळ चालू असते. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे कर्जदाराविरुद्ध जामीनदाराचा दावा, त्याने धनकोला पैसे भरल्यापासून ३ वर्षांत. सहजामीनदाराविरुद्धचाही ३ वर्षांत, आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरल्यापासून. पगारातून तुकड्या-तुकड्याने गेले असतील तर प्रत्येक तुकड्याची मुदत वेगळी धावते असे समजून चाला आणि पहिल्या कपातीपासूनची ३ वर्षे कॅलेंडरवर मांडा. मित्र पुन्हा भेटला आणि ‘देतो रे, थोडा थांब’ म्हणाला, तर थांबायला हरकत नाही, पण ते त्याच्या सहीने, तारखेसह, मुदत संपण्याआधी लिहून घ्या. तशी लेखी कबुली असेल तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. तोंडी शब्दाला ती ताकद नाही.

सुनावणीच्या दिवशी नोटिशीसोबत ती ज्या पाकिटातून आली ते पाकीटही न्या. त्यावरचा टपालाचा शिक्का आणि नोटिशीवरची तारीख यांत बरेच दिवसांचे अंतर असेल, तर म्हणणे देण्यासाठी वाढीव तारीख मागायला तोच तुमचा पहिला कागद.